मुलाला जामीन देताना



१९ मे २०२४च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शे गाडीची धडक बसून दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते गेले. गाडी चालवल्याचा आरोप सतरा वर्षांच्या मुलावर. त्याच दिवशी बाल न्याय मंडळानं त्याला जामीन दिला, आणि अटींमध्ये अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध होता. लोक खवळले. ज्यांची लेकरं गेली त्यांच्या दुःखापुढे तो निबंध फार तोकडा होता, यात शंका नाही. पण त्या संतापात जामिनाचा कायदा काय सांगतो, हे ऐकायला कुणी थांबलं नाही.

मोठ्या माणसाला जामीन देताना न्यायाधीश गुन्ह्याचं गांभीर्य तोलतात. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी बाल न्याय अधिनियम, २०१५चं कलम १२ लागतं. गुन्हा अजामीनपात्र असला तरी मुलाला सोडायचं, हाच नियम. अपवाद तीनच: सुटल्यावर ते गुन्हेगारांच्या संगतीत पडेल, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका होईल, किंवा त्याच्या सुटकेनं न्यायाचा हेतूच विफल होईल. जामीन नाकारला तर कारणं लेखी द्यावी लागतात, आणि लोकांचा राग हे त्यातलं कारण नाही.

म्हणून मंडळानं आधी विचारायचं ते हे, की मूल आज कुणाच्या घरी जाणार? पुण्यात मुलगा आजोबांच्या हमीवर सुटला. पुढे घरच्या ड्रायव्हरला डांबून ठेवल्याच्या आरोपावरून त्याच आजोबांना अटक झाली, आणि मुलाच्या रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून आईवडिलांनाही. माझ्या मते चूक जामीन देण्यात नव्हती, घराची नीट चौकशी होण्याआधी तो देण्यात होती. तीन दिवसांनी मंडळानं मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं. जामीन कायम असताना असं अडकवणं मुंबई उच्च न्यायालयानं २५ जूनला बेकायदा ठरवलं आणि मुलाला आत्याच्या ताब्यात दिलं. घराचा विचार झाला तो तिथे.

मला जास्त काळजी वाटते ती ज्यांची बातमी होत नाही, त्या मुलांची. मोबाइल चोरल्याचा आरोप असलेला वस्तीतला पोरगा. बाप परगावी, आई धुणीभांडी करणारी. ती मंडळापुढे आली तर दिवसाचे पैसे जातात, आणि जामीनदार कोण होणार? जामिनाची अट सात दिवसांत पुरी झाली नाही, तर मुलाला परत मंडळापुढे आणून अट बदलून घेता येते. हे त्या आईला सांगणारं कुणी तरी हवं.

तुमच्या ओळखीत असं घर असेल, तर त्या आईला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात घेऊन जा. मुलांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. मुलाच्या घरची चौकशी करणारे परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) आले, तर दार लावून घेऊ नका. त्या मुलाबद्दल जे चांगलं ठाऊक आहे, तेही त्यांना सांगा.