आपल्या पाड्याचा इतिहास कोणीं शिकवावा?



महोत्सवाच्या निमित्तानें शाळेविषयीं कांहीं बोलावें अशी आपली इच्छा. गणिताची व भाषेची काळजी वाहणारे पुष्कळ आहेत; इतिहास, भूगोल व नागरिकशास्त्र ह्यांची मात्र कोणी फारशी वाहत नाहीं. दहावीस इतिहास-राज्यशास्त्र चाळीस गुणांचें, भूगोल चाळीस गुणांचा. पाठ करावें, लिहावें व विसरावें, असा ह्या विषयांचा लौकिक झाला आहे.

आमच्या जिल्ह्यांत ही अडचण दुप्पट होते. २०११ च्या जनगणनेप्रमाणें येथील शंभरांपैकीं सुमारें ६९ माणसें अनुसूचित जमातींचीं आहेत. अक्राणींतील मूल घरीं पावरी बोलतें, नवापुराकडील मावची. 'सार्वभौम', 'नागरिक', 'संस्कृति' हे शब्द त्यास मराठींतच प्रथम भेटतात, आणि मराठी तरी त्यास शाळेंतच भेटलेली असते. गुरुजींनीं परक्या भाषेंत परकी कल्पना सांगावी व मुलानें मान डोलवावी! मान डोलली म्हणजे समजलें, असें आपण धरून चालतों. पहिला घोटाळा तेथेंच.

दुसरा ह्याहून खोल आहे. नंदुरबारांत ९ सप्टेंबर १९४२ रोजीं शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सवंगडी पोलिसांच्या गोळ्यांनीं पडले. हें येथील मुलांस ठाऊक असतें, व तें योग्यच आहे. परंतु त्यानंतर सहा महिने पुरे होण्यापूर्वींच, २ मार्च १९४३ रोजीं, तळोदा तालुक्यांत रावलापाणी येथें संत गुलाम महाराजांचे आदिवासी अनुयायी गोळीबारास बळी पडले. महाराज स्वतः १९३८ सालींच निवर्तले होते. दारू सोडा, असा त्यांचा उपदेश होता. हा प्रसंग किती वर्गांत सांगितला जातो? ज्याचा पणजा त्या जमावांत असेल तें मूल दूरच्या राजांच्या सनावळ्या घोकीत बसतें. इतिहास म्हणजे दुसऱ्यांच्या घरीं घडलेली गोष्ट, अशी त्याची समजूत झाली तर दोष त्याचा नव्हे.

सर्वांत नाजूक पाठ धरणाचा. सरदार सरोवरामुळें अक्कलकुवा व अक्राणी ह्या तालुक्यांतील तेहतीस गांवें बाधित झालीं. मणिबेली हें त्यांतलें पाण्याखालीं गेलेलें पहिलें. २०१९ सालीं जलाशय प्रथमच पूर्ण भरला. आतां पुनर्वसन वसाहतींत वाढलेल्या मुलास 'धरणाचे फायदे' लिहावयास सांगा. तें चार मुद्दे लिहील, गुणही मिळवील. परंतु आजी जेथें नांदली तें घर पाण्यांत आहे, हें उत्तरपत्रिकेंत कोठें लिहावयाचें? कित्येक शिक्षक अशा वेळीं पाठ आटोपता घेतात. वरिष्ठांस काय वाटेल, ही भीति मला समजते. मान्य होत नाहीं. तसाच वर्गाची जाहीर सभा करणारा शिक्षकही मला नको. कच्छ-सौराष्ट्रास नर्मदेचें पाणी पोंचलें हें खरें, आणि मणिबेली बुडालें हेंही खरें. दोन्ही फळ्यावर शेजारीं शेजारीं लिहावीं. मग आजीस विचारून जुन्या गांवाचा नकाशा काढावयास सांगावें: देव कोठें, नदीचा उतार कोठें, कोणतें शेत कोणाचें. भूगोलाचा ह्याहून चांगला धडा मला ठाऊक नाहीं.

नागरिकशास्त्राचें तेंच. १९९६ च्या पेसा कायद्यानें आमच्यासारख्या अनुसूचित क्षेत्रांत ग्रामसभेस मोठे अधिकार दिले. तिची व्याख्या घोकून घेण्यापेक्षां मुलांस एकदां ग्रामसभेंत मागें बसवावें. तेथें भांडणें होतात म्हणतां? होऊं द्यावीं, तींही पाहण्याजोगीं असतात.

समोर बसलेल्या वडीलधाऱ्यांस एवढीच विनंति. शनिवारच्या सकाळच्या शाळेंत एक तास येऊन बसा. रावलापाणीची हकीगत आपल्या बोलींत सांगा. गुरुजी ती मराठींत फळ्यावर लिहितील, आणि त्यांस अडेल तेथें मुलें शब्द सांगतील.