अर्ध्या डॉलरची पूर्ण हौस

नाणं अर्ध्या डॉलरचं, आणि विक्री एका डॉलरला! कोलंबसाच्या सफरीला ४०० वर्षं झाली म्हणून शिकागोत जागतिक प्रदर्शन भरणार होतं. त्याच्या खर्चासाठी अमेरिकेने १८९२ मध्ये हे आपलं पहिलं स्मारक नाणं काढलं. रेमिंग्टन टाइपरायटरवाल्यांनी पहिल्या नाण्यासाठी चक्क १०,००० डॉलर मोजले. पण नाणी पाडली तब्बल ५० लाख. ती खपेनात, मग उरलेली कितीतरी नाणी बाजारात सुट्ट्या पैशांसारखी फिरून झिजली. म्हणूनच शंभरी उलटलेलं हे नाणं झिजलेल्या रूपात आजही फारसं महाग नसतं.

संग्राहकांचा जीव जडतो तो १८९२ ते १९५४ या काळातल्या अर्ध्या डॉलरच्या स्मारक नाण्यांवर. ९० टक्के चांदी, नामवंत शिल्पकारांची कलाकुसर आणि प्रत्येक नाण्यामागे एक गोष्ट.

कधी ती गोष्ट ओढूनताणून आणलेलीही असते. १९३६ चं सिनसिनाटीचं नाणं पाहा. शहर संगीताचं केंद्र झाल्याला ५० वर्षं झाली, म्हणे! त्यावर चेहरा गीतकार स्टीफन फॉस्टरचा. तो तर १८६४ मध्येच वारला होता. तीन टांकसाळींतून प्रत्येकी सुमारे ५,००० नाणी निघाली. टंचाई अशी मुद्दाम घडवलेली. त्या वर्षी नव्या स्मारक नाण्यांचा पूरच आला, भाव फुगले आणि पुढे कोसळले.

भाव कोसळण्याचा हा एक धोका, दुसरा घरातलाच. घासूनपुसून लखलखीत केलेल्या नाण्याला जाणकार कमी भाव देतात. तेव्हा जुनं नाणं हाती आलं, तर चिंच आणि रांगोळी त्यापासून लांबच ठेवा.