जळका वास आणि तेलाचा थेंब

मोटारीच्या यंत्राचा मी जाणकार नव्हे. उभें आयुष्य खडूच्या धुळींत गेलें. तथापि गेल्या उन्हाळ्यांत एका प्रसंगानें मला जें शिकविलें, तें डिझेलची मोटार बाळगणाऱ्या कुटुंबांच्या उपयोगीं पडेल, अशा समजुतीनें आज बोलत आहें.

चिरंजीवांच्या मोटारींतून आम्ही मौद्याहून नागपुरास निघालों होतों. कन्हानचा पूल मागें पडतो न पडतो तोंच कांहीं करपल्यासारखा वास येऊं लागला. गाडी कडेला घेऊन पाहतों, तों खालीं काळ्या तेलाचे थेंब! नागपुरांतील एका गॅरेजांत निदान झालें कीं, इंजिनाच्या मागील बाजूचें ऑइल सील गेलें असून गिअरबॉक्स उतरवावा लागेल. खर्चाचा आंकडा माझ्या दोन महिन्यांच्या निवृत्तिवेतनाएवढा होता. विचार करून सांगतों, असें म्हणून आम्ही तेल भरून घेतलें व वाटेंत दोनदां तें मोजून पाहत सावकाश घरीं परतलों.

प्रथम वासाचा विचार करूं. सर्वच वास सारखे नसतात. चढावर किंवा गर्दींत क्लच घासला गेला, तर जळक्या कागदासारखा वास येतो. विजेच्या तारेचें वेष्टन वितळूं लागलें, तर प्लॅस्टिकचा वास येतो. अशा वेळीं गाडी तत्काळ बंद करून सर्वांनीं बाहेर पडावें. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ च्या नियमांनंतर डिझेलच्या मोटारींत काजळीची गाळणी आली. सांचलेली काजळी ती अधूनमधून सुमारें ६०० अंश सेल्सिअस उष्णतेनें जाळते. त्या वेळचा तप्त वास हा दोष नव्हे. मात्र तेथें तेलाचा थेंब नसतो. इंजिन ऑइल धुराड्याच्या तापलेल्या नळीवर पडून जळतें, तेव्हां वास उग्र असतो, गाडी थांबतांच अधिक जाणवतो, आणि बॉनेटच्या फटींतून निळसर धूर दिसतो. आमचा वास हाच होता.

दुसऱ्या दिवशीं मौद्यांतील एका वृद्ध मिस्त्रीस गाडी दाखविली. तो म्हणाला, “गुरुजी, आधीं पुसून तं पाहूं.” त्यानें थंड इंजिन फडक्यानें स्वच्छ पुसलें, दहा मिनिटें चालविलें, आणि बॅटरीच्या उजेडांत वरून खालीं पाहत गेला. तेल वरच्या झांकणाच्या पॅकिंगमधून, अगदीं मागच्या कोपऱ्यांतून, पाझरत होतें. तेंच ओघळून सीलपाशीं थेंबत होतें! मला गणिताच्या वह्या आठवल्या. उत्तर शेवटच्या ओळींत चुकलेलें दिसतें. परंतु चूक पांच ओळी वर झालेली असते.

मिस्त्री तेवढ्यावर थांबला नाहीं. “हेंच पॅकिंग मागच्या वर्षीं बदललें होतें ना?” असें त्यानें विचारलें. तें खरेंच होतें. मग कारणाचें कारण सांपडलें. पेट्रोलच्या इंजिनांत हवा साधारण दहापट दाबली जाते, तर डिझेलमध्यें पंधरा ते वीसपट. प्रत्येक स्फोटाबरोबर थोडा वायु पिस्टनच्या कड्यांजवळून खालच्या तेलाच्या भागांत उतरतो. त्यास बाहेर पडण्यासाठीं एक श्वासनळी असते. आमची ती काजळीनें तुंबली होती; म्हणून आंतील दाब दुबळ्या सांध्यांतून तेल बाहेर ढकलीत होता. नळी स्वच्छ केली, पॅकिंग नवें घातलें, गळती थांबली.

एक धोका मात्र ध्यानांत असूं द्या. डिझेल इंजिनास ठिणगी लागत नाहीं. टर्बोमधून तेल हवेच्या वाटेनें आंत शिरूं लागलें, तर इंजिन त्या तेलावरच धांवूं लागतें आणि चावी फिरवूनहि थांबत नाहीं. हातानें गिअर बदलावयाची गाडी असल्यास ती उभी करून ब्रेक घट्ट दाबावा, वरचा गिअर घालून क्लच सोडावा, म्हणजे इंजिन गुदमरून थांबतें.

सबब, सपाट जागीं गाडी उभी करून, इंजिन बंद केल्यावर कांहीं मिनिटांनीं, पट्टीनें तेल मोजण्याची संवय ठेवावी. रात्रीं गाडीखालीं जुनें वर्तमानपत्र पसरावें. सकाळीं तें खरें सांगतें. तेलाचा तांबडा दिवा लागल्यास एक पाऊलहि पुढें जाऊं नये. आणि मोठ्या दुरुस्तीस होकार देण्यापूर्वीं नम्रपणें एवढेंच विचारावें: “पुसून पाहिलें काय?”