तीन ताटल्या, तीन खोल्या

आमच्या घरात तीन मोठे कुत्रे आहेत: एक ग्रेट डेन, एक अल्सेशियन आणि एक कारवानी. ‘तिघांचं पटतं कसं?’ असं येणारा-जाणारा विचारतो. पटतं, कारण जेवणाचा नियम आम्ही कधी मोडत नाही. तीन ताटल्या, तीन खोल्या आणि दारं लावलेली. दुसऱ्याच्या ताटलीत तोंड घालायची सोयच नाही, मग भांडण कशावरून होणार?

पण त्या दारांचं खरं काम निराळंच आहे. शेजारी वाटेकरी दिसला, की कुत्रा न चावता गिळतो. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांमध्ये भराभर खाण्यानं पोट फुगून त्याला पीळ पडण्याचा धोका वाढतो. पोट टम्म झालंय, उमासे येतात पण बाहेर काही पडत नाही, कुत्रा बेचैन होऊन फेऱ्या घालतोय, असं दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. रात्र असो, पाऊस असो, डॉक्टर गाठा. काही तासांत खेळ आटोपतो.

ग्रेट डेनचं आयुष्य मुळात ८-१० वर्षांचं. आमच्या डेनला आठवं लागलंय. हल्ली तो फार सावकाश जेवतो. बाकीचे दोघे बाहेर ताटकळतात, पण त्याचं दार उघडायची घाई आम्ही करत नाही.