विहिरीचा आकडा खरा लिहा

भिलाईतल्या मरोद्यातून बोलतोय. इथं मोठे जलाशय भरलेले दिसतात, ते पोलाद कारखान्याच्या पाण्यासाठी. ते पाहून जमिनीखालीही पाणी असणारच, असं लोक धरून चालतात. आपल्या महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी काळा पाषाण. इथं दुर्ग भागात चुनखडी आणि शेल. चुनखडीत पाणी भेगांतून, पोकळ्यांतून फिरतं. एका बोअरला धो-धो लागतं, शेजारचा कोरडा. तेव्हा अंदाज नको, मोजा.

केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या सप्टेंबर 2020 च्या सूचनांनुसार रोज 10 घनमीटरपेक्षा जास्त उपसा करणाऱ्या ना-हरकत प्रमाणपत्रधारकाला पिझोमीटर, म्हणजे फक्त पातळी मोजायचा बोअर, लागतो. शेतीला सूट आहे, आमच्या सैन्यालाही आहे. पण नोंद ठेवायला कुणाला मनाई नाही!

पिझोमीटर उपशाच्या बोअरपासून किमान 50 मीटरवर हवा. पंप चालू असताना भोवतालची पातळी नरसाळ्यासारखी खाली जाते. म्हणून आसपासचे पंप चार ते सहा तास बंद ठेवून मगच मोजायचं. रात्री पंप बंद असतील तर पहाटेची वेळ उत्तम.

साउंडर आत सोडा. पाण्याला टेकला की बझर वाजतो. समजा, केसिंगच्या तोंडापासून 14.82 मीटर आलं आणि केसिंग जमिनीच्या वर 0.60 मीटर आहे. मग जमिनीपासून पातळी झाली 14.22. ही वजाबाकी एका महिन्यात केली, दुसऱ्यात राहिली, तर कागदावर पाणी अर्ध्या मीटरहून जास्त उतरतं आणि विहिरीत काहीच घडलेलं नसतं. केसिंगवर ऑइलपेंटनं खूण करा, कायम तिथूनच मोजा. दर महिन्याला, सेंटिमीटरपर्यंत.

एका कारखान्याच्या वहीत मी वर्षभर एकच आकडा पाहिला: 12.00. मे महिन्यात तोच, ऑगस्टमध्येही तोच. कुंपणापलीकडच्या वस्तीचा हातपंप उन्हाळ्यात हवा ओढू लागला, तेव्हा वस्तीकडे दाखवायला पुरावा नव्हता. आणि हे आपल्या उपशामुळे झालेलं नाही, असं म्हणायला कारखान्याकडेही नव्हता. भांडण झालं ते नुसत्या आवाजावर.

ज्यांनी स्वयंचलित नोंदयंत्र बसवलंय, त्यांनीही अधूनमधून साउंडरनं मोजून आकडा ताडून पाहा. केबल जरा सरकली तरी यंत्र चुकीचा आकडा अगदी वेळेवर पाठवत राहतं.