पेटी जमली का?

मी डोंबिवलीत घरीच पेटी शिकतो. गुरुजी नाहीत. सहा महिने झाले, तेव्हा वाटले, आता आली! मग मुलीने मोबाइलवर माझे वाजवणे टिपले. ऐकून लाजच वाटली. अंतरा आला की लय पळे. भाता ओढताना सूर तुटे. वाजवताना हे कळतच नव्हते हो!

आता दर महिन्याला तेच गाणे टिपतो अन् मागच्याशी ताडून पाहतो. लय सुधारली. भाता अजून तसाच.

गोविंदराव टेंबेही पेटी बरीचशी आपली आपणच शिकले. पण भास्करबुवा बखले यांचे गाणे त्यांनी कान भरून ऐकले होते. कल्याणला गायन समाज आहे, १९२६ सालापासूनचा. तिथे बैठक असली की मी पेटीवाल्याच्या बाजूला बसणार. त्याचा भाता बघायचाय.