मुक्काम खेड्यात, फेरी शहरात

इटलीला जायचं ठरलं की रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस ही नावं आधी कागदावर उतरतात. रोज नवं हॉटेल, रोज बॅगा भरायच्या. मुलं कंटाळतात, घरची वडीलधारी बसमध्येच पेंगतात, आणि परतल्यावर कुठलं चर्च कुठल्या गावचं हेही सांगता येत नाही. म्हणून आज मला आग्रहानं सांगायचं आहे की, इटलीची शहरं नीट पाहायची असतील तर मुक्काम खेड्यात करा. दिवाळीच्या सुट्टीत माझी आई, आम्ही दोघं आणि मुलं असे टस्कनीतल्या सिएनाच्या दक्षिणेला, ओर्चा नदीच्या खोऱ्यात एका शेतकऱ्याकडे राहिलो, तेव्हापासून माझं हे मत पक्कं झालं आहे.

अशा शेतघरांना तिथे ‘आग्रितुरिस्मो’ म्हणतात. त्यासाठी १९८५ साली खास कायदा झाला. पाहुणे ठेवणाऱ्याचा मुख्य धंदा शेतीच असला पाहिजे, ही त्यातली महत्त्वाची अट. या घरांना इतिहास आहे. टस्कनीत शतकानुशतकं अर्धेलीची शेती चाले. जमीन मालकाची, राबणारं कुटुंब कुळाचं आणि पीक निम्मं निम्मं. खाली गोठा, वर बिऱ्हाड, अशी ती दगडी घरं. दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण मंडळी कारखान्यांकडे गेली, १९६४ मध्ये अर्धेलीचे नवे करार कायद्यानं बंद झाले आणि घरं ओस पडू लागली. शेतकऱ्याला पाहुण्यांकडून जोडधंदा मिळाला, म्हणून त्यांतल्या कित्येक घरांत आज पुन्हा चूल पेटते.

आमच्या मुक्कामात ऑलिव्हची तोडणी चालू होती. झाडाखाली जाळं अंथरायचं आणि हातातल्या छोट्या दाताळ्यानं फांदी विंचरायची, की फळं टपटप खाली पडतात. मुलांनी दुपारपर्यंत तेच काम केलं. फळं फार वेळ ठेवली तर तेलाचा कस उतरतो, म्हणून ती लगेच घाण्यावर जातात. ताजं तेल हिरवंगार असतं आणि घशाला चांगलंच झोंबतं. ते भाजलेल्या पावावर ओतून खातात. टस्कनीचा पाव अळणी असतो, त्यामुळे तेलाची चव पुरती कळते.

संध्याकाळी घरची मालकीण ‘पिची’ नावाचा पास्ता करायला बसली. पीठ, पाणी, थोडं तेल. मळलेल्या गोळ्याची पट्टी कापायची आणि तळव्याखाली लांबच लांब वळत न्यायची. आईनं न सांगता हात धुतले आणि तिच्या शेजारी बसून हातशेवया वळाव्यात तशी पिची वळायला लागली. भाषा दोघींनाही एकमेकींची येत नव्हती, पण परात रिकामी होईपर्यंत कुणी उठलं नाही.

मग आम्ही सिएनाला गेलो. तिथल्या नगरभवनात आम्ब्रोजो लोरेन्झेत्तीनं १३३८-३९ मध्ये रंगवलेलं भित्तिचित्र आहे. नगराचा कारभार पाहणारे नऊ जण ज्या दालनात बसत, त्याच्याच भिंतींवर त्यानं चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराची फळं दाखवली आहेत. चांगल्या कारभाराच्या चित्रात वेस उघडी आहे. शेतकरी लादलेली जनावरं आणि पट्ट्याचं डुक्कर हाकत शहराकडे येताहेत, आणि शहरातले लोक बाहेर रानाकडे निघालेत. शेत पिकलं तर शहर नांदतं, आणि शहराचा कारभार नीट असेल तर शेत पिकतं, हे त्या राज्यकर्त्यांच्या डोळ्यांपुढे रोज होतं. ओर्चाचं खोरं २००४ मध्ये जागतिक वारसा ठरलं तेही याच नात्यामुळे. सिएनानं हा मुलूख चौदाव्या-पंधराव्या शतकात याच आदर्शानं घडवला. शेतात राबलेल्या आमच्या मुलांना ते चित्र समजावून सांगावं लागलं नाही.

तिथून पूर्वेला उंब्रियात, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मोंतोने नावाचं टेकडीवरचं छोटं गाव आहे. मराठी कुटुंबानं तिथे जायलाच हवं. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ रोजी याच खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. बाकी सगळे पडले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावून गेले, त्यांनी ती मशीनगन बंद पाडली आणि नंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते तिथेच कोसळले. माणगाव तालुक्यातला हा जवान अवघा बावीस वर्षांचा होता. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मोंतोनेत २०२३ साली त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ-स्मारक उभं राहिलं.

तीच टायबर पुढे रोममधून वाहते. आम्हीही शेवटी रोमला गेलो. कलोसियम पाहिलं, रस्त्यावरच्या नळांचं गार पाणी प्यालो. पण पुलावर उभं राहिल्यावर मुलांनी विचारलं ते मोंतोनेबद्दल.

तेव्हा श्रोतेहो, यादीतलं एक शहर खुशाल गाळा आणि ते दिवस एखाद्या शेताला द्या. आपल्या मातीतला एक तरुण टायबरच्या खोऱ्यासाठी लढला. ते खोरं पिकवणारी माणसं आपल्या मुलांच्या ओळखीची असायला हवीत.